रताळ्यांचा मान

आई, तू होतीस तेव्हा हे हात तुला नुसते काळे दिसायचे. जेवायला बसलो की म्हणायचीस, "धू की जरा. का मशिनीचं तेल लावून खातूस भाकर?" म्हणून आधी या हातांनी काय काय केलं ते सांगतो. चाकणला एका कंपनीत गाडीचा दरवाजा ज्यात घट्ट धरून भोकं पाडतात, ती दोन फिक्श्चर माझी आहेत. त्यावर माझं नाव नाही, पण भोक केसाएवढंही सरकत नाही. भोसरीच्या शेडमधलं लेथ मी भंगारात घेतलं आणि त्याचे झिजलेले गिअर स्वतः कापून बसवले. जिन्याच्या फाटकाची कडी केली, ती एका बोटाने लागते आणि वाजत नाही. मुलीचा पाळणा केला, त्याला एकही खिळा नाही. तुझ्या सुनेला शेवटी शेवटी उठून बसता येईना, तेव्हा तिच्या पलंगाला वरून एक दांडी लावली, तिच्या मुठीत नेमकी मावेल एवढ्या जाडीची. तुझ्या मोठ्या पितळी पातेल्याला कल्हई करून देणारा आता कुठे सापडत नाही, म्हणून नवसागर आणि कथील आणून ती मीच केली; पहिल्यांदा डाग राहिले, दुसऱ्यांदा आरशासारखी आली. यातलं मला कुणी काही शिकवलेलं नाही. दहावी नापास माणूस मी, ड्रॉइंग वाचायलासुद्धा माझा मी शिकलो. आणि यंदाच्या महाशिवरात्रीला, आई, याच हातांनी दहा किलो रताळ्यांचे गुळातले काप केले.

हसू नकोस. का केले ते तुला वेगळं सांगायला नको, पण तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा मधलं सांगावं लागेल. महादेवाच्या देवळात अजून भावकीचा फराळ जातो. भगर थोरल्या घरची, शेंगदाण्याची आमटी मधल्या घरची, कवठाची चटणी धाकट्या घरची आणि रताळी आपली. रताळीच का, असं एकदा तुला विचारलं होतं, तर म्हणालीस, "नदीच्या अंगाला मळा व्हता आपला, रताळी चांगली यायची. आणिक काय असतंय?" त्या मळ्यावर आता बारा मजली इमारती आहेत. मान तेवढा राहिला. नियमही तुझ्या वेळचाच आहे: चूल घरची, हात घरातले, आणि लागोपाठ दोन वर्षं चुकलं की मान दुसऱ्या घरी. गेल्या वर्षी तुझी सून गेली. दुखवट्याचं घर, सण नव्हता, म्हणून आपलं पातेलं गेलं नाही. थोरल्या घरच्या भावाने ती जागा भरून काढली, आचारी लावून; अडीनडीचं म्हणून कुणी नियम काढला नाही. ते एक वर्ष चुकलं. यंदा चुकलं असतं तर संपलंच.

या भावाला तू ओळखतेस, लहानपणी तुझ्या शेंगा चोरायचा तोच. आता जमिनीच्या व्यवहारात आहे, बरं चाललंय त्याचं. उत्सवाचा झेंडा त्याचा, पालखीचा पहिला खांदा त्याचा, लिलावातला नारळ दर वर्षी त्याचाच. राहिलं होतं फक्त रताळ्यांचं पातेलं. दोन महिने आधीच त्याचा फोन आला.

"काय राव, कशाला त्रास घेतो? एकटा माणूस तू."

"एकटा आहे. लुळा नाही."

"तसं न्हाई रे भावा. आमचा आचारी करतोयच. गेल्या साली लोकांनी बोटं चाटली. केशर टाकलं व्हतं, केशर!"

"रताळ्यात?"

"मग काय तुझ्या लेथमध्ये?" असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "बघ बाबा. न्हाई जमलं तर आदल्या दिवशी सांग. मनात काय ठेवू नको."

जमणार नाही असं कुणी म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी त्याच दिवशी पिंपरीच्या मंडईत जाऊन रताळी घेऊन आलो.

मुलीला फोनवर सांगितलं. ती रावेतला असते सासरी. स्कूटरवरून यायला अर्धा तास लागत नाही, पण तिचे हात आता त्या घरात मोजायचे. ती येऊन करून गेली असती तर भावकीत कुणीतरी बोललंच असतं. आणि त्यांच्याकडेही तोच सण. "बाबा, व्हिडिओ बघा ना एखादा. सगळं दाखवतात हो." मी म्हटलं, मला व्हिडिओ नको. "मग शेजारच्या काकूंना विचारा." मी म्हटलं, मला कुणाला विचारायचं नाही. "मग करणार कसं?" म्हटलं, इतकी वर्षं जसं सगळं केलं तसं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते लोखंड असतं. ते थांबतं तुमच्यासाठी." मला हसू आलं, पण ते तिला कळू दिलं नाही.

तू मला शिकवलं नाहीस. सुनेला शिकवलंस, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. मला चुलीपाशी उभं करायची कुणाची हौस होती? मला जे माहीत होतं ते येता-जाता डोळ्यांनी टिपलेलं. एक दिवस मात्र पक्का आठवतो. मी नुकताच कामाला लागलोय, पहिल्या पगारातून जाडी मोजायचा व्हर्नियर घेतलाय, तो खिशातून काढायला काहीही कारण पुरतंय. सकाळची पाळी सुटून घरी येतो तर तू मागच्या पडवीत विळीवर बसलीयस, काथ्याने घासलेली रताळी एका बाजूला आणि काप पाण्याच्या घमेल्यात. मी एक काप उचलतो, मोजतो. दुसरा उचलतो, मोजतो. एक जवळपास दुसऱ्याच्या दुप्पट भरतो. तुला सांगतो तसं, अगदी सुपरवायझरच्या सुरात. तू विळी थांबवत नाहीस. "ल्हान पोराला पातळ, गड्याला जाड, दात पडल्यात त्याला मधला. समद्यांची तोंडं काय एका मापाची हायत व्हय रं?" मी म्हणतो, पण शिजायला सारखे हवेत ना. मग तू मान वर करतेस. "तू कर तुझ्या कंपनीत सारखं. हितनं ऊठ. आन् त्ये लोखंड देवाच्या कामात नगं." मी व्हर्नियर पुसून खिशात ठेवतो. त्या दिवशी मला फार लागलं होतं ते बोलणं. आता लागत नाही, पण तुझ्या त्या 'ऊठ'चा आवाज मला अजून जसाच्या तसा येतो, आणि दुसऱ्या कुठल्याच वाक्याचा येत नाही.

यंदा मी काप सारखेच केले. आठ मिलिमीटर. ते मी सोडणार नाही.

पण माझी अडचण कापांची नव्हतीच, चवीची होती. तुझ्या रताळ्यांची चव माझ्या तोंडात आहे. गोड तर आहेच, पण गोडाच्या खाली काहीतरी काळसर, किंचित कडवट, जिभेच्या मागच्या बाजूला थांबणारं. तुझ्या सुनेचे काप सुरेख व्हायचे, पिवळेधमक, एकही मोडायचा नाही, पण ती चव नसायची. मी एकदा बोललो तर म्हणाली, "आईंनी सांगितलं तस्संच करते हो मी. तूप, वाफ, मग गूळ. यात अजून काय असणार?" आणि खरंच, यात अजून काय असणार? पण ती चव होती, आई. मी खोटं कशाला बोलू.

दर रविवारी एक किलो. पहिल्या वेळी मुद्दाम सुनेच्या उलट केलं, गूळ आधी घातला, रताळी मागून. ती शिजेचनात. गुळात पडलेलं रताळं आडमुठं होऊन बसतं, तासाभराने चामड्यासारखे काप निघाले. दुसऱ्या वेळी आधी वाफवून मग गूळ घातला; ते जमलं, पण चव सुनेची, तुझी नव्हे. मग मला वाटलं, गुळातच काहीतरी असणार. दुकानात सगळ्यात काळा गूळ मागितला, त्याने दिला, मी खुशीत आणला. तो निघाला चिक्कीचा. गरम होता तोवर काय चकाकत होता! मी झाकून ठेवून शेडवर जाऊन आलो तर अख्ख्या पातेलीची एक ढेप झालेली. सुरी चालेना. शेवटी छिन्नी लावली. सोसायटीच्या वॉचमनला एक तुकडा दिला तर तो बराच वेळ गालात धरून बसला आणि म्हणाला, "साहेब, चांगलंय, पण हे खायचं का चोखायचं?" नंतर साधा गूळ, सेंद्रिय गूळ, काकवी, तुपाचं प्रमाण कमी-जास्त, चिमूट मीठ, सगळं झालं. प्रत्येक वेळी मी ओट्यापाशी उभा राहून एकटाच एक काप खायचो, डोळे मिटून, आणि ती नसायची. उरलेले काप डब्यात. शेडवरची पोरं आठवडाभर रताळी खाऊन कंटाळली. एक जण म्हणाला, "मालक, उपास कुणाचा आहे नक्की?"

महाशिवरात्रीच्या दिवशी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. आपल्या घराच्या जागी इमारत झाली तेव्हा दुसरा मजला माझ्या वाट्याला आला. त्या स्वयंपाकघरातल्या गॅसवर तुझं पातेलं मावत नाही. म्हणून घरातलाच सिलिंडर आणि मोठा बर्नर गच्चीवर नेला. पातेल्यासाठी तिवई बनवली होती, तीन पायांची, कारण तीन पायांचं कधी डगमगत नाही. फरशी वाकडी असली तरी. तूप सोडलं, काप निथळून थर लावले, वर ताट ठेवून ताटात पाणी ओतलं. एवढं तुझं मी पाहिलेलं होतं: ताटातल्या पाण्यात बोट टिकेनासं झालं की खालचं शिजलं. माझ्याकडे चांगला थर्मामीटर आहे. लोखंड देवाच्या कामात नको म्हणाली होतीस, म्हणून बोट घातलं.

नैवेद्याचं चाखायचं नसतं, हे किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी न तपासता एकही नग शेडच्या बाहेर जाऊ दिलेला नाही. आणि इथे गूळ पसरला, वेलदोड्याची पूड घातली, आणि आत काय चाललंय ते मला कळायला मार्ग नाही. पळी घालायची नाही, काप मोडतात; पातेलं दोन्ही कानांनी धरून झुलवायचं. दर वर्षी एक कान सून धरायची आणि एक मी. तिला हिसका बसला की ती म्हणायची, "हळू हो, पातेलं आहे, गाडी नाही ढकलायची." यंदा दोन्ही कान माझ्याकडे. दहा किलो रताळी, त्यात पितळेचं वजन. एकदा उचललं, झुलवलं. दुसऱ्यांदा उचलताना पाठीत कळ आली आणि मी ते अर्ध्यातच तिवईवर टेकवलं. शेजारच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती, रस्त्यावर गाड्या होत्या, हाक मारायला कुणी नव्हतं. थोडं थांबून पुन्हा हात घालेपर्यंत वास आला. लागलं होतं खाली.

काय करणार? दुसरी रताळी चिरायला वेळ नव्हता. आच बंद केली, टेम्पोवाला आल्यावर दोघांनी पातेलं खाली नेऊन टेम्पोत घातलं आणि निघालो. वाटेत एकच विचार होता, इतक्या पिढ्यांचं राहिलेलं आणि माझ्या हातून करपलं.

देवळात भावाने स्टीलचा मोठा डबा आणून ठेवलाच होता. "असावा हाताशी म्हणून," म्हणाला. झाकणाखालून केशराचा पिवळा रंग दिसत होता. गुरवाने दोन्हीकडे बघितलं आणि काही न विचारता तुझ्या पातेल्यातून द्रोण भरला, वरच्या थरातला. "आधी मानाचं," एवढंच म्हणाला. नैवेद्य झाला, पंगत बसली, द्रोण फिरायला लागले. मी खांबाला टेकून उभा. लोक खातायत, बोलतायत, कुणी काही म्हणत नाही. मग थोरल्या घरच्या काकूंनी, याच भावाच्या आईने, मला हाताने बोलावलं. आता दिसत नाही त्यांना फारसं. बसतात खुर्चीवर, पण आवाज तोच.

"खाली लागलंय रं."

"हो काकू. लागलं."

"मग कशाला सुतकी तोंड केलंस? तुझ्या आईचं दर साली लागायचं."

मी म्हटलं, आईचं? कधीच नाही.

"तू काय बघितलंस? तुझा बा दुसऱ्या पाळीला, तू उंडारायला. आमी आपल्या घरचं रांधण्यात. ती एकटीच त्या ढणाढणा चुलीपाशी. एवढं मोठं पातेलं, कुणी कान धरायला न्हाई. लागायचंच. वरलं वरलं देवाला आन् लोकांना घालायची, आन् बुडाचं खरवडून घरी न्यायची. तुला घालायची वाटीत. तू म्हणं मिटक्या मारून खायचास. मला हसून सांगायची ती, 'माज्या ल्योकाला करपल्यालंच आवडतंय.'"

आई, मी पातेल्यापाशी गेलो. देवाला दाखवून झालं होतं, आता चाखायला हरकत नव्हती. उलथन्याने बुडाशी खरवडलं, जे निघालं ते हातावर घेतलं, आणि खाल्लं. तीच. ती काळी, कडवट, जिभेच्या मागे थांबणारी. इतके रविवार मी ती गुळात शोधली, तुपात शोधली. सून बिचारी बरोबर करत होती, म्हणून तिच्या हातून ती कधी आली नाही. तिच्यापाशी दुसरा कान धरायला मी होतो. मी तिथेच पातेल्यात वाकून उभा राहिलो जरा वेळ. लोकांना वाटलं असेल, किती उरलंय ते बघतोय. पहिल्यांदा मनात आलं की घरी जाऊन हिला सांगू, तुझं चुकतंय असं मला वाटायचं ना, तुझं काही चुकत नव्हतं. मग आठवलं. मुलीला फोन लावला, तर त्यांच्याकडे पाहुणे होते, मागे गलका. "झालं का बाबा सगळं नीट?" म्हटलं, झालं. "छान! उद्या बोलू हं निवांत."

मी पातेलं नळाखाली धरून घासत होतो तेव्हा भाऊ आला. शेजारी उकिडवा बसला, पूर्वी शेंगा खायला बसायचा तसा. पँट भिजते आहे याचंही भान नव्हतं.

"करपवलंस, तरी गप खाल्लं बघ लोकांनी."

"खाल्लं ना?"

"मानाचं म्हणून खाल्लं." त्याने नळ बारीक केला. "हे बघ, रागवू नको. पाठ धरलीय तुझी, मगाशी उतरवताना बघितलं मी. पुढच्या साली काय करशील? त्याच्या पुढच्या साली? आज समदी भावकी हाय हितं. चौघांत एकदा म्हण, रताळी इथून पुढं थोरल्या घरची. तुझं नाव खाली करायचं न्हाई मला. फुकट तर अजिबात न्हाई." आणि मग त्याने आकडा सांगितला. चेष्टा नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. "शेडला नवं मशीन येईल तुझ्या, राव."

मी पातेलं उपडं घातलं, पाणी निथळू दिलं आणि म्हटलं, "नको."

"ताठा सोड की रे."

"नको म्हटलं ना."

तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. वाईट माणूस नाही तो. आता गावात सांगतील की घराच्या मानासाठी याने एवढ्या रकमेला लाथ मारली, आणि मी ते सांगू देईन, मला आवडेलही ऐकायला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, मुलीलाही दाखवायचा नाही. ती वाचून लगेच येईल, चार दिवस राहील आणि मग जाईल. तेव्हा तुला एकटीला खरं सांगतो. नकार देताना माझ्या मनात घर नव्हतं, मळा नव्हता, तूही नव्हतीस. त्या दिवशी दुपारपासून देवळातून भावकीचे फोन येत होते. 'निघालास का?' 'कुठवर आलास?' 'गुरव थांबलाय, तुझ्याशिवाय सुरू होत नाही.' वर्षभरात मी कुठवर आलो ते विचारणारं दुसरं कुणी नाही. ते पातेलं माझ्याकडे नसेल तर देवळात मी आलो काय आणि न आलो काय. त्याने दोन लाख एक्कावन्न हजार देऊ केले होते, आई. मी नको म्हणालो.